न पाहिलेला सूर्यास्त

पत्र :

«वय ४४. घर, नोकरी, तब्येत, तक्रार करावी असं काही नाही. पण गेली दोनेक वर्षं दिवस नुसते हातावेगळे करतोय असं वाटतं. शुक्रवारी कुणी विचारलं की मंगळवारी काय केलंस, तर सांगता येत नाही. ‘वर्तमानात जगा’ हे इतक्या ठिकाणी वाचलं की शेवटी मनावर घेतलं. सकाळी दहा मिनिटं ध्यानाचं ॲप आणि रात्री वहीत त्या दिवसाचे तीन आनंद. पहिला आठवडा बरा गेला. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री तिसरा आनंद काही केल्या सुचेना, डोळे मिटत होते, म्हणून ‘आजचा सूर्यास्त’ लिहून मोकळा झालो. लिहिल्यावर लक्षात आलं, मी तो पाहिलाच नव्हता. त्या वेळी मी बंद खोलीत मीटिंगमध्ये होतो. वही मिटली ती मिटलीच. मग दोन दिवसांनी माझी नऊ वर्षांची मुलगी शाळेतलं काहीतरी रंगवून सांगत होती आणि मी फोन बघत ‘हं, हं’ करत होतो. मध्येच थांबून ती म्हणाली, ‘बाबा, मी आत्ता काय सांगितलं?’ मला एक शब्द सांगता आला नाही. चिडलीही नाही ती. ‘जाऊ दे’ म्हणाली आणि निघून गेली. ते ‘जाऊ दे’ काही डोक्यातून जात नाही. रोजच्या साध्या गोष्टींत आनंद असतो म्हणतात. मला तो का सापडत नाही? की काही जणांना तो दिसायचा अवयवच नसतो?»
– एक वाचक

उत्तर :

तुमचा सूर्यास्त वाचून आधी मी हसले, खोटं कशाला सांगू. मग पत्र बाजूला ठेवून जरा वेळ गप्प बसले. कारण असे न पाहिलेले सूर्यास्त माझ्याही खात्यावर बरेच आहेत. फरक इतकाच की तुम्ही स्वतःला रंगेहाथ पकडलंत आणि ते लिहून कळवलंत. ज्याला आपण पाहिलं नाही हे कळतं, त्याचा अवयव शाबूत आहे. तेवढ्यापुरते निश्चिंत राहा.

पण पुढे जायच्या आधी एक प्रश्न विचारते, आणि त्याचं उत्तर मला नाही, स्वतःला द्या. हे जे ‘काही जाणवत नाही’ आहे, ते जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, सलग दोन आठवडे किंवा त्याहून जास्त असं आहे का? पूर्वी ज्यात रमायचात त्यातही आता काडीचा रस वाटत नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे, थकवा जात नाही, आपण कुचकामी आहोत असं वाटतं, असं काही? तसं असेल तर हे सदर इथेच मिटा आणि डॉक्टरांकडे जा. नैराश्यात आनंद न जाणवणं हे आजाराचं लक्षण असतं, तो लक्ष देण्यातला आळस नसतो, आणि त्यावर उपचार आहेत. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगा, उद्यावर टाकू नका. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. ‘जाऊ दे’ तुम्हाला इतकं लागलं, म्हणजे आत काहीतरी चांगलं जागं आहे. पण पत्रावरून नाडी बघता येत नाही, म्हणून विचारलं.

आता तुमच्या प्रयोगाकडे येऊ. तुमचं काय चुकलं ते मला आपल्या भाषेतच सापडलं. मराठीत लक्ष ‘देता’ येतं आणि लक्ष ‘ठेवता’ही येतं, आणि या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लक्ष ठेवतो तो पहारेकरी. काही गडबड होतेय का, कुणी येतंय का, ठरलेलं वेळेत होतंय का, हे तो बघतो. लक्ष देणाऱ्याच्या हातातून मात्र काहीतरी जातं. म्हणून तर ‘देणं’ म्हणतो. तुम्ही तीन आठवडे आनंदावर लक्ष ठेवलंत. आला का? किती आला? तीन झाले का? आणि ज्यातून तो यायचा, त्या कशाकडेही लक्ष दिलं नाहीत. आनंद हा पहाऱ्यात येणारा प्राणी नाही.

ही माझी नुसती शब्दांची करामत नाही बरं का. जोनाथन स्कूलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांबरोबर २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना स्ट्राविन्स्की या संगीतकाराची एक रचना ऐकवली. काहींना सांगितलं, नुसतं ऐका. काहींना सांगितलं, ऐकताना जितकं आनंदी होता येईल तितकं व्हायचा प्रयत्न करा. आणि काहींना ऐकता ऐकता आपण किती आनंदी आहोत ते सतत मोजत राहायला लावलं. प्रयत्न करणारे नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा कमी खूश राहिले, आणि मोजत बसणाऱ्यांचंही तसंच झालं. संगीत सगळ्यांना एकच होतं. ज्याने कान दिला त्याला ते मिळालं. ज्याने स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलं त्याचं हुकलं. तुमच्या वहीचं नेमकं हेच झालं, म्हणून ती बंद पडली याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

मग प्रश्न उरतो, आपलं लक्ष असतं तरी कुठे? २०१० साली मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोघांनी हार्वर्डमधून याचा हिशेब काढला. २,२५० माणसांच्या फोनवर दिवसभरात केव्हाही विचारणा यायची : आत्ता काय करताय, मन त्यातच आहे की दुसरीकडे, आणि कसं वाटतंय? ४६.९ टक्के वेळा मन दुसरीकडेच होतं. जागेपणाचा जवळजवळ निम्मा वेळ! कुठलंही काम घ्या, त्यातल्या किमान ३० टक्के वेळा मन बाहेर फिरायला गेलेलं. अपवाद फक्त एका गोष्टीचा, आणि ती कोणती हे दोन पिढ्यांच्या वाचकांपुढे मी लिहीत नाही. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मन चिंतेत किंवा कशातही उगाच भटकत असेल तर माणूस कमी आनंदी असतो, हे कुणीही सांगेल. पण मन सुखाच्या विचारांत रमलं असतानाही माणूस हातातल्या कामात असलेल्या माणसापेक्षा जास्त आनंदी नव्हता. म्हणजे भांडी घासता घासता सुट्टीची स्वप्नं पाहणं हे नुसतं भांडी घासण्यापेक्षा फार काही सुखाचं नाही. मला हे वाचून जरा अपमानच वाटला होता, कारण स्वप्नं पाहण्यात माझा हात कुणी धरणार नाही. आणि मी ती सोडलेलीही नाहीत. अडलेलं काम, विसरलेलं नाव, भांडणाला द्यायचं उत्तर, सगळं मला तंद्रीतच सापडतं. तेव्हा मन भटकलं म्हणून गुन्हा झाला असं समजू नका. आपण गेलो आहोत हे कळत नाही, तिथे गोम आहे.

दुसरी गोम मला एका शस्त्रक्रियेने दाखवली. काही वर्षांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, घरी आले, आणि पलंगाकडे बघून विचारलं, ही नवी चादर कुणी घातली? चादर जुनीच होती. वापरून वापरून ती राखाडी-पिवळट झाली आहे असं मी कित्येक महिने धरून चालले होते. ती आकाशी निघाली. स्वच्छ, कोवळी आकाशी. मी उजवा डोळा झाकायची, आकाशी. डावा झाकायची, जुन्या कागदाचा पिवळेपणा. लहान मुलासारखा तो खेळ दिवसभर चालला. भिंती पांढऱ्या होत्या! माझ्या स्वतःच्या हातावरच्या शिरा निळ्या होत्या! घरातल्यांना मी प्रत्येक वस्तूचा रंग सांगत सुटले, आणि त्यांनी तो मोठ्या सहनशीलतेने ऐकून घेतला.

हा चमत्कार किती दिवस टिकला असेल? पंधराएक दिवस. नंतर दुसऱ्या डोळ्याचंही झालं, तुलना करायची सोय गेली, आणि एके दिवशी लक्षात आलं की मी चादर घडी करून कपाटात टाकली आणि तिचा रंग पाहिलाच नाही. डोळे नवे होते, बाई जुनीच होती.

याला आपण आपल्या कोतेपणाचं लक्षण मानतो, आणि तिथे स्वतःवर फार अन्याय करतो. जे बदलत नाही ते गाळून टाकायचं, ही आपल्या इंद्रियांची घडणच आहे. इग्नाझ ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने १८०४ मध्ये एक गंमत नोंदवली, ती तुम्ही आत्ता करून बघू शकता. कागदावर एक ठळक टिंब काढा आणि जरा दूर बाजूला पेन्सिलने एखादा फिकट, पुसट डाग करा. आता नजर टिंबावर खिळवून ठेवा, अजिबात हलवू नका. काही सेकंदांत बाजूचा डाग विरायला लागेल आणि नाहीसा होईल. डाग तिथेच आहे, डोळा उघडा आहे, तरी दिसत नाही. नजर केसभर हलवली की हजर. अंगातल्या कपड्यांचा स्पर्श, घराचा वास, पंख्याचा आवाज, सोबतच्या माणसाचा चेहरा, सगळ्यांचं कमी-अधिक फरकाने हेच होतं. तेव्हा रोजच्या गोष्टी दिसेनाशा होणं हा दोष नाही. उलट सगळंच सतत जाणवत राहिलं असतं तर घराबाहेर पडणंसुद्धा जमलं नसतं. पण डाग परत दिसायला काय लागलं ते बघा. नवा कागद लागला नाही, गडद शाई लागली नाही. नजर केसभर हलवावी लागली, बस्स.

नजर हलवायची कशी, हे सांगते. आनंद, वर्तमान, कृतज्ञता हे सगळे मोठे शब्द आज रात्रीपुरते बाजूला ठेवा. जेवणं झाल्यावर एक काचेचा पेला धुवा. एकच. सगळी भांडी मन लावून घासायचा विडा उचलू नका. तिसऱ्या दिवशी तोही पडेल. एक पेला. आणि धुताना ‘मला कसं वाटतंय’ हे स्वतःला विचारायचं नाही. त्या पेल्याला काहीतरी विचारायचं, ज्याचं उत्तर तुम्हाला आधी ठाऊक नाही. पाणी काचेवरून कसं उतरतं? जिथे अजून तेलकटपणा आहे तिथे पाणी थेंब थेंब होऊन गोळा होतं, पसरत नाही. जिथे काच खरोखर स्वच्छ झाली तिथे त्याचा पातळ पडदा होतो आणि तो सलग घसरत खाली येतो. तेलकट पेल्यावर अंगठा फिरवला तर तो मुकाट सरकतो, स्वच्छ पेल्यावर काच कुरकुरते. फेसाच्या एखाद्या मोठ्या बुडबुड्यावर रंग असतात आणि फुटायच्या आधी ते जागा बदलत राहतात. मी इतकी वर्षं भांडी घासली आणि ते थेंब आणि पडदा साठीनंतर पाहिले.

या पेल्यात तुमचं मन नक्की निसटेल. उद्याच्या मीटिंगला जाईल, मुलीच्या ‘जाऊ दे’कडे जाईल, ‘हे असलं काय करतोय मी’ इथे तर हमखास जाईल. गेलं की परत या. ‘छे, गेलंच’ असं म्हणत बसू नका, ती दुसरी सहल होते. लोक समजतात की मन एका जागी बांधून ठेवणं म्हणजे अवधान. ज्या पाली शब्दावरून हा सगळा विचार जगभर गेला तो ‘सति’, म्हणजे आपली स्मृती. त्याचा मूळ अर्थच आठवणीचा आहे. आपण इथे आहोत याची आठवण होणं. आठवण व्हायची तर आधी विसर पडायला हवा ना? म्हणून ज्या क्षणी तुम्हाला कळलं की मन गेलं होतं, तो क्षण नापासाचा नाही, तोच खरा धडा. त्या वेळी मुलीसमोर तुम्ही भानावर आलात, सूर्यास्त लिहून झाल्यावर भानावर आलात. दोन्ही वेळा काम फत्ते झालं होतं आणि तुम्ही ते अपयशाच्या रकान्यात मांडलंत.

भांड्यांचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही. २०१५ साली अमेरिकेत ५१ विद्यार्थ्यांना खरोखरच भांडी घासायला लावून पाहिलं होतं. निम्म्यांना आधी मन लावून भांडी धुण्यावरचा एक उतारा वाचायला दिला : पाण्याची ऊब, साबणाचा वास, हातातल्या भांड्याचा स्पर्श. उरलेल्यांना भांडी कशी घासावीत याच्या कोरड्या सूचना. पहिल्या गटाचा अस्वस्थपणा सुमारे २७ टक्क्यांनी उतरला, दुसऱ्या गटात तसं काही झालं नाही. प्रयोग छोटा आहे, त्यावर कुणी मठ बांधू नये. पण त्यातली एक बारीक नोंद मला फार आवडते : मन लावून धुणाऱ्यांना आपण प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ धूत होतो असं वाटलं. त्यांचा वेळ ताणला गेला, आणि त्यांना तो नकोसाही झाला नाही. तुमचा मंगळवार शुक्रवारपर्यंत पुसला जातो ना, त्याचं उत्तर इथे असावं असा मला संशय आहे. ज्यातलं काहीच टिपलं नाही तो दिवस आठवायचा तरी कशावरून?

म्हणून तुमची वही मला परत हवी आहे, पण नियम बदलून. तीन नाही, एक. आनंद लिहायचा नाही, पाहिलेलं लिहायचं. आणि असं, की जे घरबसल्या रचता येणार नाही. ‘सूर्यास्त’ कुणालाही रचता येतो. तुम्हीच रचून दाखवलात. ‘जिन्याच्या सहाव्या पायरीचा कोपरा उडालाय आणि उडालेल्या जागी आतला रंग जास्त गुळगुळीत आहे’ हे पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही. सुंदर असलं पाहिजे असं नाही. ‘साहेबांनी चष्मा तीनदा पुसला आणि तिन्ही वेळा त्याच काचेपासून सुरुवात केली’ हेसुद्धा चालेल, किंबहुना पळेल. ज्या दिवशी काही नसेल त्या दिवशी तारीख टाकून पान कोरं सोडा. कोरं पान खोट्या सूर्यास्तापेक्षा कितीतरी प्रामाणिक असतं.

फोटो काढून ठेवले तर नाही का चालणार, असं तुमच्या मनात येईल, येतंच. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका संग्रहालयात लोकांना फिरवून पाहिलं. त्यांचा निबंध २०१४चा. ज्या वस्तूंचे सरसकट फोटो काढले त्या नंतर कमी आठवल्या, ज्या नुसत्या पाहिल्या त्या जास्त. जणू कॅमेऱ्यावर सोपवलं आणि आपण मोकळे. पण ज्यांना वस्तूचा एखादा भाग जवळ घेऊन टिपायला सांगितलं होतं, त्यांच्या आठवणीचं असं नुकसान झालं नाही. फोटोशी वैर नको, पण आधी कोपरा शोधा.

त्या ॲपबद्दल दोन शब्द, जास्त नाहीत. डोळे मिटून दहा मिनिटं बसणं कित्येकांना मानवतं. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांबरोबर हे काम सुरू केलं, त्यातून आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम घडला, आणि लोकांना त्याचा उपयोग झालेला आहे. पण सगळ्यांना ते झेपतंच असं नाही. ज्यांनी काही फार वाईट सोसलं आहे अशा काहींना डोळे मिटून आत बघत बसल्यावर उलट जास्त त्रास होतो. त्यांनी थांबावं, डोळे उघडावेत, पाय जमिनीला टेकवावेत, आणि जाणकाराशी बोलावं. तुम्हाला त्रास नव्हता, कंटाळा होता. कंटाळा आला तर सोडा. पेला आहेच.

आणखी एक, आणि हे जरा रागाने लिहिते. ‘साध्या गोष्टींत आनंद शोधा’ हे वाक्य हल्ली असे लोक फार ऐकवतात ज्यांना समोरच्याची परिस्थिती बदलायची नसते. दोन पाळ्या करून आलेल्या बाईला ‘भांडी मन लावून घास’ म्हणणं हा निर्दयपणा आहे. तिला भांडी घासणारं दुसरं कुणीतरी हवं असतं. लक्ष द्यायला लागलात की सुखाचंच दिसेल अशी हमी मी देत नाही. कदाचित असं दिसेल की नोकरीत तुम्ही रोज दात आवळून बसलेले असता. कदाचित मान दुखते आहे आणि तुम्ही ती दोन वर्षं ‘तब्येत ठीक’मध्ये जमा केली आहे. असं काही दिसलं तर त्यावर आकाशी चादर पांघरू नका. ते वहीत लिहा आणि दिवसा त्याचं काहीतरी करा. लक्ष निवडक नसतं. पेल्यासाठी उघडलेला डोळा बाकीचंही बघतो, आणि ते बघणं टाळण्यासाठीच आपण बरेचदा तो मिटून घेतलेला असतो.

आता मुलीकडे येते. पत्र तुम्ही आनंदाबद्दल लिहिलंत, पण ते लिहायला बसलात तिच्यामुळे, हे मला पहिल्या वाचनात कळलं.

तिच्याकडे जा आणि सांगा, ‘परवा तू सांगत होतीस तेव्हा मी ऐकत नव्हतो.’ इतकंच. ‘बाबाला काम होतं’ जोडू नका, ‘सॉरी हं पिल्लू’ करून गोडही करू नका. नऊ वर्षांच्या मुलीला साधं वाक्य पुरतं, आणि खोटं वाक्य तिला तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळतं. मग म्हणा, ‘परत सांगशील?’ ती सांगेलच असं नाही. गोष्टीला वेळ असते, ती उलटून गेली की सांगणाऱ्यालाही शिळी वाटते. नाही म्हणाली तर मागे लागू नका. पुढची गोष्ट येईल, तेव्हा तयार असा.

तयार म्हणजे कसं? फोन दुसऱ्या खोलीत. उलटा करून टेबलावर नाही, दुसऱ्या खोलीत. उलटा फोन हा झोपेचं सोंग घेतलेला माणूस असतो. समोरासमोर बसून ‘हं, सांग आता’ असंही करू नका, मुलं अशा वेळी मुकी होतात. तिच्याबरोबर हाताला काहीतरी काम घ्या, घड्या घालायच्या, पेन्सिली टोकायच्या. आणि ती बोलायला लागली की पेल्याचाच नियम : ‘मी चांगला बाप आहे का’ हा प्रश्न खोलीबाहेर ठेवायचा. तिचे हात बघा. मुलं महत्त्वाच्या ठिकाणी हात थांबवतात, किंवा एकदम जोरात हलवतात. कुठला शब्द ती परत परत वापरते ते ऐका. कुणाचं नाव आलं की आवाज बारीक होतो? ‘मग काय झालं’ हा प्रश्न न ऐकताही विचारता येतो, त्याने तुम्ही पकडले जाल. त्याऐवजी मधलं काहीतरी विचारा, ‘ती रुसून कुठल्या बाकावर जाऊन बसली?’ असं. हे विचारायला आधीचं ऐकलेलं असावं लागतं, आणि तिला ते लगेच कळतं.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते. ती बोलत असताना तुमचं मन परत जाईल. दोन मिनिटांत जाईल, कारण नऊ वर्षांच्या मुलांच्या गोष्टी लांबलचक असतात, त्यांत पात्रं फार असतात आणि एकाच नावाच्या दोन मैत्रिणी असतात. गेलं की तिला सांगा, ‘थांब, माझं लक्ष गेलं, ती वही कुणाची होती म्हणालीस?’ याने तिचा अपमान होत नाही. उलट तिने तुम्हाला पकडायच्या आधी तुम्हीच हात वर केलात, आणि मोठी माणसंसुद्धा हरवून परत येतात हे तिने पाहिलं.

वहीतलं ते सूर्यास्ताचं पान फाडू नका. त्याच्या खाली तारीख घालून पहिली खरी नोंद करा, आजच्या पेल्याची. आणि मुलीने ती गोष्ट पुन्हा सांगितली, तर मला दोन ओळी जरूर लिहा. तुम्ही ती नीट ऐकली नाहीत, म्हणून तुमच्या पत्रात ती आलीच नाही, आणि इथे मी चार दिवस विचार करतेय की शाळेत त्या दिवशी झालं तरी काय होतं.